एकट्या वादकाचा सोबती : तालयंत्राचा इतिहास व त्याची निवड

उत्सव म्हटला कीं वाद्य आलें, आणि वाद्य म्हटलें कीं ताल धरणारा आला. लग्नाचा मांडव असो, सणाची संध्याकाळ असो, किंवा शाळेच्या पटांगणावरील संमेलन असो, गाणाऱ्याच्या मागें कोणी तरी ठेका देत बसलेला असावा अशी श्रोत्यांची स्वाभाविक अपेक्षा असते. परंतु प्रत्येक प्रसंगीं चार-पांच वादकांचा ताफा बोलाविणें यजमानास परवडतेंच असें नाहीं. कित्येक ठिकाणीं व्यासपीठहि इतकें लहान असतें कीं ड्रमचा संच मांडल्यावर गाणाऱ्यास उभें राहण्यास जागा उरत नाहीं. अशा प्रसंगीं एकच वादक येतो, एकटाच गातो, एकटाच वाजवितो, आणि तालाचें काम शेजारच्या विजेच्या पेटीवर सोंपवितो. गोव्यांत व मुंबई-वसईकडील ख्रिस्ती समाजांत ‘वन मॅन बँड’ या नांवानें तो सर्वांच्या परिचयाचा आहे.

हा वादक तालयंत्र, म्हणजे ज्यास सामान्यतः ‘ड्रम मशीन’ म्हणतात तें, विकत घेण्यास निघाला म्हणजे त्याची मति गुंग होते. एका यंत्रांत शेंकडों आवाज, दुसऱ्यांत हजारों ठेके, तिसऱ्यावर दिव्यांची आरास, चौथ्याची किंमत कमी. यांतून निवड कशी करावी? आमच्या मतें या प्रश्नाचें उत्तर दुकानदाराच्या सूचीपत्रापेक्षां या यंत्राच्या इतिहासांत अधिक स्पष्ट सांपडतें. एखादी वस्तु कोणाच्या गरजेंतून जन्मास आली हें कळल्यावांचून ती आपल्या गरजेस पडेल कीं नाहीं हें ठरवितां येत नाहीं. यास्तव तो इतिहास येथें संक्षेपानें सांगून, त्यांतून निवडीच्या कांहीं कसोट्या काढण्याचें आम्ही योजिलें आहे. आमचें प्रतिपाद्य थोडक्यांत असें कीं, यंत्रांत आवाज किती आहेत हा प्रश्न दुय्यम असून, वादन चालूं असतांना तें कोणाची आज्ञा पाळतें हाच मुख्य प्रश्न होय.

पूर्वपीठिका

विजेच्या साह्यानें ताल निर्माण करण्याचा एक आरंभींचा लक्षणीय प्रयत्न न्यूयॉर्क शहरीं झाला. हेन्री कॉवेल या अमेरिकन संगीतरचनाकारास एकाच वेळीं अनेक लयी एकमेकींत गुंफावयाच्या होत्या, व तें काम मनुष्याच्या हातून होण्यासारखें नव्हतें. त्याच्या मागणीवरून लेऑन थेरेमिन या रशियन संशोधकानें १९३१ सालीं ‘रिदमिकॉन’ नांवाचें वाद्य तयार केलें, व १९ जानेवारी १९३२ रोजीं न्यू स्कूल फॉर सोशल रिसर्च या संस्थेंत त्याचा जाहीर प्रयोग झाला. त्याच्या पट्ट्यांची योजना चतुराईची होती. पहिल्या पट्टीचा एक आघात होण्यास जितका वेळ लागे, तितक्याच वेळांत दुसरीचे दोन, तिसरीचे तीन, असें करीत सोळावीचे सोळा आघात होत. परंतु हें वाद्य विद्वानांच्या कुतूहलाचा विषय होऊन राहिलें. गाणाऱ्याची सोबत करणें हा त्याचा उद्देशच नव्हता.

पुढें १९४० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियांतील हॅरी चेंबरलिन यानें निराळाच मार्ग धरिला. खऱ्या ड्रमवादकाचें वादन टेपच्या फितींवर मुद्रित करून, त्या फितींचीं टोकें एकमेकांस जोडून, तोच ठेका अखंड फिरत राहील अशी त्यानें व्यवस्था केली. या यंत्रास ‘रिदमेट’ असें नांव होतें. ठेका मनुष्याचा, पण तो फिरविणारें यंत्र, अशी ही जोड होती. आजच्या ‘लूप’ नामक प्रकाराचें बीज तिच्यांत आहे.

एकट्या वादकाचा असा खास विचार करून बाजारांत आलेलें पहिलें प्रसिद्ध यंत्र म्हणजे वुर्लिट्झर या ऑर्गन बांधणाऱ्या अमेरिकन कंपनीनें १९५९ सालीं काढलेलें ‘साइड मॅन’ होय. त्याचें नांवच बोलकें आहे. जॅझ संगीताच्या भाषेंत मुख्य वादकाच्या हाताखालीं बिदागीवर वाजविणाऱ्यास ‘साइडमॅन’ म्हणतात. या लांकडी पेटींत विजेच्या मोटरीवर फिरणारी एक योजना असे. ती फिरतां फिरतां ठराविक ठिकाणीं विद्युत्प्रवाह जुळवी, आणि प्रत्येक जुळणीसरशीं निर्वात नळ्यांच्या मंडलांतून ड्रमसारखा किंवा झांजेसारखा आवाज उमटे. फिरण्याचा वेग वाढविला कीं लय द्रुत होई, घटविला कीं विलंबित होई. वाल्ट्झ, फॉक्स-ट्रॉट, टँगो इत्यादि बारा ठेके तयार असत. शिवाय प्रत्येक आवाजास स्वतंत्र कळ असल्यामुळें वादकास मधेंच आपल्या हातानेंहि एखादा आघात टाकतां येई. ही शेवटची सोय लहान दिसली तरी वाचकांनीं ती ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व कथेचें मर्म तींत आहे.

अॅकॉर्डियनवाल्याचा असंतोष

‘साइड मॅन’ जपानांतहि जाऊन पोंचला. टोकियो शहरीं त्सुतोमु कातो या गृहस्थाच्या रात्रीच्या क्लबांत तादाशि ओसानाइ नांवाचा एक अॅकॉर्डियनवादक त्याच यंत्राच्या सोबतीनें वाजवीत असे. अॅकॉर्डियन हें वाद्य असें कीं, उजवा हात पट्ट्यांवर, डावा हात खर्जाच्या बटणांवर, आणि भाता ओढण्याचें कामहि त्याच डाव्या हाताकडे; म्हणजे यंत्राकडे वळण्यास एकहि बोट मोकळें नाहीं. ओसानाइ हा टोकियो विद्यापीठाचा पदवीधर असून त्यास यंत्रविद्येचें ज्ञान होतें. हातीं असलेल्या यंत्रानें त्याचें समाधान होईना. याहून चांगलें यंत्र आपण करूं शकूं, भांडवल मात्र द्यावें, असें त्यानें कातो यास सुचविलें. कातोनें तें मान्य केलें, व १९६३ सालीं ‘डोंका-मॅटिक’ हें त्यांचें पहिलें यंत्र बाहेर पडलें. ड्रमचा जो ‘डोन-का’ असा ध्वनि जपानी कानांस ऐकूं येतो त्यावरून हें नांव पडलें. ज्या केइओ कंपनीनें तें काढलें तीच पुढें ‘कॉर्ग’ या नांवानें जगभर प्रसिद्धीस आली. एका एकट्या वादकाच्या असंतोषांतून वाद्यनिर्मितीचा केवढा व्यवसाय उभा राहिला, हें यावरून दिसून येईल.

याच सुमारास ओसाका येथें इकुतारो काकेहाशि हा दुसरा उद्योगी पुरुष याच विषयाच्या मागें लागला होता. लहानपणींच पोरका झालेला, तारुण्यांत क्षयानें अंथरुणास खिळलेला, व नवीनच निघालेल्या स्ट्रेप्टोमायसिन या औषधामुळें वांचलेला हा मनुष्य रेडिओ व घड्याळें दुरुस्त करतां करतां विजेच्या वाद्यांकडे वळला. १९६४ सालीं त्यानें ‘रिदम एस’ या नांवाचें पहिलें यंत्र अमेरिकेंत प्रदर्शनास नेलें. परंतु त्यांत प्रत्येक आघात बोटानें वाजवावा लागे, आपोआप चालणारा ठेका नव्हता, व त्यामुळें तें चाललें नाहीं. दोन्ही हात आधींच गुंतलेल्या ऑर्गनवादकास आणखी एक हातानें वाजवावयाचें वाद्य काय कामाचें! हा धडा घेऊन १९६७ सालीं त्यानें सोळा तयार ठेके असलेलें यंत्र काढलें. त्यांत दोन कळा एकदम दाबून दोन ठेक्यांचें मिश्रण करतां येई; तसेंच झांज, क्लेव्ह, काऊबेल व बास ड्रम यांपैकीं नको तो आवाज निराळ्या कळीनें बंद करतां येई. अमेरिकेच्या हॅमंड कंपनीनें तें आपल्या ऑर्गनांसाठीं स्वीकारलें. १९७२ सालीं काकेहाशिनें ‘रोलंड’ ही कंपनी स्थापिली, व तिचें पहिलें उत्पादनहि तालयंत्रच होतें. हा गृहस्थ १ एप्रिल २०१७ रोजीं वारला.

येथवरच्या वृत्तांतावरून एक गोष्ट निश्चित होते. तालयंत्राचा जन्म मोठ्या संघांसाठीं झाला नाहीं. दोन्ही हात गुंतलेल्या, श्रोत्यांसमोर एकट्यानें बसलेल्या वादकासाठीं तो झाला. सर्व काम हातानें करावयास लावणारें यंत्र त्यास नको होतें, आणि कांहींच न ऐकणारें यंत्रहि नको होतें.

यंत्र स्टुडिओंत शिरलें

१९७० नंतर मात्र या यंत्राची वाट बदलली. स्लाय स्टोन या अमेरिकन गायकानें १९७१ सालच्या आपल्या ध्वनिमुद्रिकेंत अशाच एका तयार ठेक्यांच्या पेटीचा उपयोग केला, व त्या मुद्रिकेंतील एक गाणें अमेरिकेच्या विक्रीच्या यादींत अग्रस्थानीं गेलें. १९७२ सालीं टिमी थॉमस यानें युद्ध व द्वेष यांविरुद्ध गाइलेलें ‘व्हाय कान्ट वी लिव्ह टुगेदर’ हें गाणें तर जवळजवळ आपला कंठ, ऑर्गन आणि त्या ऑर्गनमधील ठेक्याची पेटी एवढ्याच साहित्यावर उभें केलें. तें आजहि ऐकलें असतां आणखी वादकांची उणीव भासत नाहीं. यंत्राचा ठेका कोरडा असला तरी त्यावरील कंठांत कळवळा असल्यास गाणें मनास भिडतें, याचें हें उत्तम उदाहरण होय.

१९७८ सालीं रोलंडनें ‘सीआर-७८’ हें यंत्र काढलें. त्यांत वादकास स्वतः रचलेला ठेका सांठवून ठेवतां येऊं लागला. १९८० सालीं दोन प्रसिद्ध यंत्रें निघालीं. रॉजर लिन या अमेरिकन वादक-अभियंत्याचें ‘एलएम-१’ हें खऱ्या ड्रमचे मुद्रित आवाज वाजवी. त्याची किंमत सुमारें ५००० डॉलर असल्यामुळें तें श्रीमंत स्टुडिओंपुरतेंच राहिलें. रोलंडचें ‘टीआर-८०८’ हें बाराशें डॉलरांच्या आंत मिळे; त्याचे आवाज विद्युन्मंडलांतून निर्माण केलेले असल्यामुळें खऱ्या ड्रमसारखे नव्हते, तथापि पुढें नृत्यसंगीतांत त्यांचाच बोलबाला झाला. या यंत्राच्या पुढील बाजूस सोळा कळांची एक ओळ असे. एका आवर्तनाचे सोळा भाग कल्पून, ज्या भागावर आघात हवा तेथील कळ दाबावयाची, अशी ती लेखनपद्धति अद्यापि रूढ आहे. लिन यानें आपल्या यंत्रांत आणखी एक मार्मिक सोय केली होती. सम अंतरावरील आघातांपैकीं एकाआड एक आघात किंचित् मागें सारून ठेक्यास झोका देण्याची ही युक्ति ‘स्विंग’ म्हणून ओळखली जाते, व तिच्यामुळें यंत्राचा ताठरपणा पुष्कळ कमी होतो.

ही प्रगति निःसंशय मोठी होती. तथापि ती ध्वनिमुद्रण करणाऱ्याच्या सोयीची होती, श्रोत्यांसमोर बसणाऱ्याच्या नव्हे. स्टुडिओंत ठेका लिहिण्यास तास लागला तरी कोणी उठून जात नाहीं. व्यासपीठावर ती सवड नसते.

ड्रमवादकाची तक्रार

या यंत्राच्या इतिहासांतील दुःखाची बाजू आम्ही झांकून ठेवूं इच्छीत नाहीं. ज्या पेटीस बिदागी द्यावी लागत नाहीं, जेवण घालावें लागत नाहीं, व जी उशिरां येत नाहीं, ती पेटी कोणाच्या तरी जागीं बसते हें उघड आहे. स्लाय स्टोनचा मूळ ड्रमवादक ग्रेग एरिको हा १९७१ सालींच संघ सोडून गेला. १९८२ सालीं ब्रिटनमधील वादकांच्या संघटनेच्या लंडन येथील एका शाखेनें सिंथेसायझर व तालयंत्रें यांच्या वापरास आळा घालण्याचा ठराव केला. संघटनेनें तो सर्वत्र लागू केला नाहीं, आणि आज त्याचा उल्लेख कित्येक जण थट्टेनें करतात. परंतु ज्याचें पोट दर रात्रींच्या वादनावर अवलंबून होतें त्याच्या दृष्टीनें त्यांत थट्टेसारखें कांहीं नव्हतें.

उलट बाजूचीं उदाहरणेंहि आहेत. लिव्हरपूलच्या ‘इको अँड द बनीमेन’ या संघानें १९७८ सालीं तालयंत्राच्या सोबतीनें आरंभ केला, आणि थोड्याच काळांत त्या यंत्राच्या जागीं पीट द फ्रेटस् हा ड्रमवादक बसविला. फिल कॉलिन्स हा तर स्वतःच नामांकित ड्रमवादक. त्याच्या १९८१ सालच्या ‘इन दि एअर टुनाइट’ या गाण्यांत तीन मिनिटांहून अधिक काळ यंत्राचा मंद ठेका चालतो, आणि मग त्याच्या हातचे ड्रम एकदम कोसळतात. यंत्रानें ताटकळत ठेवावें आणि मनुष्यानें मोकळें करावें, अशी ती रचना आहे. यावरून आम्हांस असें वाटतें कीं, जेथें ड्रमवादकास बसविणें शक्य आहे तेथें त्यास डावलून पेटी आणणें हा अन्याय होय. जेथें तें शक्यच नाहीं, तेथें पेटी कोणाचा घांस हिरावीत नाहीं.

हात आणि पाय यांकडे परत

१९८३ सालीं निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांस एकमेकांशीं बोलतां यावें म्हणून ‘मिडि’ ही सामाईक पद्धति अमलांत आली. तिच्या योगानें एक यंत्र दुसऱ्यास दर मात्रेमागें चोवीस सूक्ष्म इशारे पाठवितें, व दोन्ही यंत्रें एका लयींत चालतात. या कार्याबद्दल काकेहाशि व अमेरिकन अभियंता डेव्ह स्मिथ यांस २०१३ सालीं तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

त्यानंतर यंत्र हळूहळू पुन्हां वादकाच्या अंगाशीं आलें. १९८५ सालीं रोलंडनें ‘ऑक्टापॅड’ काढलें. त्यावरील आठ रबरी पॅड काठीनें वाजवावयाचे असतात. आपल्याकडील गाण्यांच्या वाद्यवृंदांत तें इतकें रुळलें कीं, ‘ऑक्टोपॅड’ हा शब्द मराठींतलाच वाटूं लागला, आणि एक नवा वादकवर्गहि निर्माण झाला. म्हणजे एका हातीं गेलेली रोजी दुसऱ्या रूपानें कांहीं अंशीं परत आली. १९८८ सालीं रॉजर लिननेंच अकाई कंपनीसाठीं सोळा पॅडांचें ‘एमपीसी-६०’ योजिलें. १९९० सालीं अलेसिस कंपनीचें ‘एसआर-१६’ निघालें. त्यांत अंकित आवाज पुष्कळ होते, परंतु एकट्या गिटारवाल्यास त्याची खरी गोडी दुसऱ्याच गोष्टीमुळें लागली: ठेका सुरू करणें, थांबविणें व मधली उठाण टाकणें हीं कामें त्यांत पायाच्या कळीनें होत.

पुढें पायाचें राज्य वाढत गेलें. २००१ सालीं बॉस कंपनीनें ‘आरसी-२०’ हें लूपयंत्र काढलें. यांत वादक आपणच वाजविलेला तुकडा पायानें मुद्रित करतो, पुन्हां पाय दाबून त्याचें आवर्तन पक्कें करतो, व त्यावर दुसरा, तिसरा थर चढवितो. २००४ सालीं स्कॉटलंडची गायिका के. टी. टन्स्टॉल ही आयत्या वेळीं दुसऱ्याच्या जागीं बोलाविली गेली असतां, बीबीसीच्या कार्यक्रमांत गिटारच्या अंगावर थापा मारून, त्या थापा लूपयंत्रांत धरून, एकटीनेंच संपूर्ण ठेका उभा करती झाली, व त्या एका कार्यक्रमानें तिचें नांव झालें. २०१५ च्या जुलईंत एड शीरन यानें लंडनच्या वेम्बली मैदानावर लागोपाठ तीन रात्रीं गिटार व लूपयंत्र यांच्याच बळावर प्रचंड समुदायासमोर गायन केलें. २०१४ सालीं आलेलें ‘बीटबडी’ हें तर संपूर्ण तालयंत्रच पायाखालीं घालतें. एकदां दाबलें कीं उठाण, दाबून धरलें कीं पुढच्या चरणाचा ठेका, दोनदां दाबलें कीं समाप्ति. ओसानाइचें गाऱ्हाणें पन्नास वर्षांनीं पुरें मिटलें म्हणावयाचें.

आपल्या देशांतील अनुभव

आपल्या देशाचा या कथेंतील वांटा लहान नाहीं. मुंबईच्या चित्रपटसृष्टींतील वादक चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं ‘टीआर-८०८’ आणि आणखी दोन रोलंड वाद्यें घेऊन दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली. त्या वेळीं तिची फारशी वाहवा झाली नाहीं. २०१० सालीं ती पुन्हां प्रसिद्ध झाली तेव्हां, पुढें अमेरिकेंत उदयास आलेल्या एका नृत्यसंगीतप्रकाराशीं तिचें विलक्षण साम्य पाहून पाश्चात्य रसिक थक्क झाले, व सिंग यांस उतारवयांत युरोपांत कार्यक्रमांचीं निमंत्रणें आलीं. ते २०१५ सालीं निवर्तले.

बंगळूर येथें विमानविद्येचे अभियंते व बांसरीवादक राज नारायण यांच्या रॅडेल कंपनीनें विजेचा तबला तयार केला. पाश्चात्य यंत्राचे सोळा भाग आपल्या त्रितालाच्या सोळा मात्रांशीं जुळतात खरे. परंतु रूपकाच्या सात व झपतालाच्या दहा मात्रा, त्यांची सम व खाली, हें सर्व त्या चौकटींत सहज बसत नाहीं. म्हणून आपल्या गायकाच्या रियाजासाठीं आपलेंच यंत्र व्हावें लागलें. यामाहासारख्या परदेशी कंपन्यांनींहि पुढें भारतीय ताल व वाद्यस्वर घातलेले की-बोर्ड येथील बाजारासाठीं निराळे काढले.

गोव्याच्या मांडोची संथ सहा मात्रांची चाल, त्यामागून येणारें दुलपदाचें द्रुत सहा-अष्टमांश, आणि दोहोंस आधार देणारा घुमटाचा मातीचा घोष, हें परदेशी यंत्रांत तयार मिळण्याची आशा करूं नये. घुमटास पूर्वीं घोरपडीचें कातडें लावीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्या प्राण्यास संरक्षण मिळाल्यावर बकऱ्याचें कातडें वापरण्यांत येऊं लागलें, आणि २०१९ सालीं गोवा सरकारनें घुमटास वारसावाद्याचा मान दिला. ज्या यंत्रांत आपले आवाज भरतां येतात त्यांत गांवच्याच घुमटवाल्याचे बोल मुद्रित करून ठेवणें शक्य आहे. तें करतांना त्यास त्याच्या कष्टाचा मोबदला द्यावा, हें सांगणें नलगे.

उपासना व उत्सव

वादकास एकाच दिवशीं सकाळीं देवळांत व सायंकाळीं मांडवांत वाजवावें लागतें, म्हणून या दोन स्थळांतील भेदहि सांगितला पाहिजे. दहावे पायस यांनीं २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं पवित्र संगीताविषयीं काढलेल्या आज्ञापत्रांत पियानो व ड्रम यांस देवळांत मज्जाव केला होता. रोमच्या पवित्र विधींच्या मंडळानें ३ सप्टेंबर १९५८ च्या निवेदनांत असें ठरविलें कीं, उपासनेंत मनुष्यानें स्वतः वाजविलेलींच वाद्यें असावींत, आपोआप चालणारीं नसावींत. १९६७ च्या निवेदनानें, उपासनेस शोभतील अशीं वाद्यें स्वीकारण्याचा विचार त्या त्या प्रदेशांतील धर्माधिकाऱ्यांवर सोंपविला. यास्तव देवळांत कोणतेंहि तालयंत्र लावण्यापूर्वीं धर्मगुरूंस विचारणें हेंच योग्य. परंतु १९५८ च्या त्या वाक्यांतील तत्त्व मांडवांतहि उपयोगी पडण्यासारखें आहे. वाजविणारा मनुष्य असावा. यंत्रानें त्याच्या मागून यावें.

निवडीच्या कसोट्या

आतां वरील इतिहासांतून निघणाऱ्या कसोट्या क्रमानें देतों.

पहिली कसोटी आज्ञेची. दोन्ही हात वाद्यावर असतांना ठेका सुरू होतो काय, उठाण पडते काय, आणि समाप्ति नीट होते काय, हें दुकानांतच पाहावें. आरंभापासून अखेरपर्यंत आधींच लिहून ठेवलेल्या गाण्यावर विसंबूं नये. वधूवरें दारांतून व्यासपीठापर्यंत येण्यास किती वेळ लावतील हें कोणी सांगावें? लिहिलेलें गाणें तीन मिनिटांत संपतें, आणि तीं अद्यापि मावशीच्या गळ्यांत पडलेलीं असतात. ठेका आपण सांगूं तोंवर फिरत राहिला पाहिजे, व पायाच्या एका दाबेसरशीं पुढें सरकला पाहिजे.

दुसरी कसोटी लयीची. पायानें किंवा बोटानें चार ठोके दिले असतां यंत्रानें तीच लय उचलावी. नाचणारे थकले तर लय किंचित् उतरवितां यावी, व तें करतांना ठेका तुटूं नये. प्रत्येक गाण्याची लय नांवानिशीं सांठवितां आली तर उत्तमच.

तिसरी कसोटी मात्रांची. तीन व सहा मात्रांचे ठेके चांगले आहेत काय, आपण वाजवितों त्या तालाचें आवर्तन रचतां येतें काय, आणि झोका देण्याची सोय आहे काय, हें पाहावें. सर्व ठेके चार मात्रांचेच असलेलें यंत्र आपल्याकडील वादकास अर्धेंच उपयोगी पडतें.

चौथी कसोटी आवाजाची. कानांस लावावयाच्या हेडफोनवर गोड वाटणारा बास ड्रम मांडवांत नाहींसा होतो. गिटारच्या अॅम्प्लिफायरांतून ड्रमचा खर्ज व झांजेचा झणकार नीट निघत नाहीं. तालयंत्रास सर्व स्वर सारखे देणारा निराळा स्पीकर लागतो. म्हणून यंत्राइतकाच खर्च स्पीकरावर धरावा, व शक्य असल्यास आपल्याच स्पीकरावर यंत्र ऐकूनच तें घ्यावें. हजार आवाजांपेक्षां पांच कामाचे आवाज अधिक मोलाचे.

पांचवी कसोटी भरंवशाची. वीज जाऊन आल्यावर यंत्र किती वेळांत पुन्हां उभें राहतें, त्यांतील ठेके शाबूत राहतात काय, हें विचारावें. जुन्या यंत्रांत स्मृति टिकविणारी आंतली बॅटरी वर्षांनीं संपते व सर्व लेखन पुसलें जातें. जुनें यंत्र घेणाऱ्यानें याची खात्री करून घ्यावी.

या कसोट्या लावल्यास निवड बरीच सोपी होते. गिटार वाजवून गाणाऱ्यानें पायाखालचें तालयंत्र घ्यावें. लूपयंत्र हवें असल्यास, पहिल्या तुकड्याची लांबी पायाच्या दुसऱ्या दाबेनें कायम होते व ती क्षणभर चुकली तर वरचे सर्व थर चुकतात, हें जाणून घरीं पुष्कळ सराव करावा. किंवा मिडिच्या साह्यानें तें तालयंत्राशीं जोडावें. की-बोर्डवाल्यास बहुधा निराळ्या यंत्राची गरज नसते. त्याच्या वाद्यांतील ठेके व त्यांच्या उठाणीच व्यासपीठावर पुरतात, फक्त पायाची कळ अवश्य जोडावी. ज्याचे हात ढोलकीला किंवा तबल्याला सरावलेले आहेत त्यानें पॅडांचें यंत्र घ्यावें, कारण त्याची विद्या तेथें फुकट जात नाहीं. सोळा कळांचें लेखनयंत्र ज्यास नृत्यसंगीतच रचावयाचें आहे त्यानें घ्यावें. लग्नाच्या गाण्यांसाठीं तें गैरसोयीचें होतें.

आणखी एक सूचना करून हा लेख पुरा करितों. यंत्र घेतलें म्हणजे तें प्रत्येक गाण्यास लावलेंच पाहिजे असें नाहीं. एखादें कडवें नुसत्या गिटारवर म्हणावें, ठेका मागाहून यावा. शेजारचा मुलगा डफ किंवा घुमट वाजवीत असेल तर दोन गाण्यांपुरतें यंत्र बंद करून त्यास बोलवावें, आणि बिदागींतील त्याचा वांटा त्यास द्यावा. ‘साइड मॅन’ या नांवाचा मूळ अर्थ शेजारीं बसलेला मनुष्य असा होता, हें आपल्या वादकांनीं विसरूं नये अशी आमची त्यांस नम्र विनंती आहे.